दूध तोडणे : छाती दाटणे व तिचा उतार

बाळाचे अंगावरचे पिणे बंद करताना आईच्या स्तनांत दूध साठून ते जड, टणक आणि दुखरे होतात, याला छाती दाटणे किंवा दूध दाटणे म्हणतात. सुरतच्या दक्षिणेला नवसारीच्या वाटेवर असलेल्या आणि २०२० साली सुरत महापालिकेत आलेल्या सचिनसारख्या कारखानी गावात हे दुखणे नुसत्या शरीरशास्त्राने उलगडत नाही. सचिन जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतले यंत्रमाग आणि कापडप्रक्रियेचे कारखाने दूरदूरच्या मजुरांवर चालतात. सुरतेच्या या पट्ट्यात ताप्ती लाइन या रेल्वेमार्गाने आलेली, अहिराणी-मराठी बोलणारी खानदेशी कुटुंबेही पुष्कळ आहेत. आईला पुन्हा कामावर उभे राहायचे असते, मूल आजीबरोबर नंदुरबार, दोंडाईचा किंवा अमळनेरकडे पाठवायचे ठरते आणि पिणे एका दिवसात तुटते. छाती इतकी दुखण्याचे कारण बहुतेक वेळा हा एकाएकीपणाच असतो. त्यामुळे लेप, पाने किंवा गोळ्या यांच्याआधी दूध तोडायला किती दिवस मिळाले, हे पाहायला हवे.

दूध बनण्याचे गणित मागणीवर चालते. बाळंतपणानंतरचे पहिले दिवस सरले की दूध किती बनावे, हे मुख्यतः स्तन किती रिकामा होतो यावर ठरते. स्कॉटलंडमधल्या हॅना संशोधन संस्थेत शेळ्यांवर झालेल्या प्रयोगांतून दिसले की एका बाजूच्या सडातून धार जास्त वेळा काढली तर दूध त्याच बाजूला वाढते. रक्तातली संप्रेरके दोन्ही बाजूंना सारखीच पोचतात, तेव्हा हा फरक त्या त्या ग्रंथीतच ठरत असला पाहिजे. माणसांतही एका बाजूचे दूध आटलेले असताना दुसऱ्या बाजूने पाजणे चालू राहते. साठलेले दूध स्वतःच पुढचे दूध रोखते. मात्र हा रोध पुरता बसायला काही दिवस लागतात. ते दिवस मिळाले तर छाती थोडी जड वाटते आणि सैल पडते. पिणे एकदम थांबले तर दूध कालच्याच मापाने बनत राहते, आजूबाजूच्या पेशीजालात सूज येते आणि हात लावू देत नाही इतके दुखते.

म्हणून रीत साधी आहे. दिवसातले एक पाजणे कमी करावे, छाती सैल पडेपर्यंत तीन-चार दिवस, लागला तर आठवडा थांबावे, मग दुसरे. बाळाचे लक्ष नसते ते दुपारचे पिणे आधी सोडवावे, झोपेचे आणि पहाटेचे सर्वांत शेवटी. हा शोध आजचा नाही. मुलाला दात आले की त्याला क्रमाक्रमाने स्तनापासून दूर करावे, असे वाग्भटाने अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात सांगितले आहे. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त आईचे दूध आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ पाजण्याची शिफारस करते. घाई करावी असे त्यातही काही नाही.

यावर घरातून येणारा आक्षेप वाजवी आहे: कामाची पाळी बारा तासांची असेल तर हे हळूहळू कसे जमावे? पण कामावर जायचे म्हणजे पिणे पूर्ण तोडायचे, हे गृहीतकच तपासायला हवे. दिवसाची पाजणी गेली तरी रात्रीची आणि पहाटेची चालू राहू शकते. छाती त्या वेळापत्रकाला जुळवून घेते. १९६१च्या प्रसूती लाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या दिवसात पाजण्यासाठी दोन सुट्ट्या दिल्या आणि २०१७च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचे केले. घरी बसून नगावर साड्यांचे धागे कापणारी किंवा टिकल्या लावणारी बाई मात्र अशा तरतुदींच्या कक्षेबाहेरच राहते, हे कबूल केले पाहिजे. तिच्याकडे वेळ आहे असे घराला वाटते, आणि नेमका तोच तिच्याकडे नसतो.

दुसरा आक्षेप जुन्या बायकांचा: दूध पिळून काढले की आणखी येते, म्हणून छाती दुखली तरी हात लावू नये. यातला अर्धा भाग खरा आहे. स्तन पूर्ण रिकामा केला तर शरीर ती मागणी समजते. पण ताण सैल होईल एवढेच, चार-दोन चमचे हाताने काढले तर आटण्याची क्रिया थांबत नाही आणि गाठ धरण्याचा धोका कमी होतो. त्याबरोबर गार पाण्याच्या पट्ट्या किंवा कापडात गुंडाळलेला बर्फ, आधार देणारी पण न आवळणारी ब्रा आणि गरज पडली तर पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन. आम्लपित्त, दमा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर दुसरी गोळी डॉक्टरांना विचारूनच. जोराने चोळणे टाळावे. सुजलेल्या भागाला त्याने इजाच होते. पाणी कमी प्यायल्याने दूध आटत नाही, सुरतेच्या उन्हाळ्यात आई मात्र आजारी पडते.

छाती फडक्याने घट्ट आवळून बांधण्याची चाल अजून आहे. बाळंतपणानंतर न पाजणाऱ्या स्त्रियांवरच्या २००३च्या एका अमेरिकी अभ्यासात आवळून बांधणाऱ्यांना आधाराची ब्रा घालणाऱ्यांपेक्षा जास्त दुखले. म्हणून सगळेच घरगुती उपाय मोडीत काढावेत असे नाही. दक्षिण भारतात मोगऱ्याची फुले छातीशी बांधतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधून १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर दूध थांबवण्यासाठी ही फुले आणि ब्रोमोक्रिप्टीनची गोळी यांची तुलना झाली. दूध बनवणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक गोळीने जास्त उतरले, पण दाटणे, दूध आणि वेदनाशामकांची गरज दोन्हींकडे सारखीच राहिली. कोबीच्या गार पानांनी दुखणे कमी होते असे काही चाचण्या सांगतात, पण तो पुरावा कच्चा आहे; गुण पानाचा की गारव्याचा, हेही सुटलेले नाही. नुकसान नाही आणि कोबी मंडईत स्वस्त मिळतो, तेव्हा वापरायला हरकत नसावी. स्तनाग्राला कडुलिंब किंवा कोरफडीचा गर लावण्याची गोष्ट वेगळी. तो उपाय बाळासाठी आहे, आईच्या दुखण्यासाठी नाही, आणि पिणे एकाच रात्रीत तोडून तो दाटणे वाढवतोच.

कधी मात्र एकाएकी थांबवणे अटळ असते: बाळ दगावणे, आईला कर्करोगाची औषधे सुरू होणे. तेव्हा कॅबर्गोलिनसारखे दूध थांबवणारे औषध डॉक्टर देऊ शकतात, पण रक्तदाब वाढलेल्या आईला ते चालत नाही. ब्रोमोक्रिप्टीनचा या कामासाठीचा वापर पक्षाघात आणि हृदयविकाराच्या घटनांनंतर अमेरिकेत १९९०च्या दशकाच्या मध्यात बंद झाला. नवीन गर्भ राहिला एवढ्याच कारणाने मात्र घाईने तोडण्याची गरज बहुधा नसते. पूर्वी अकाली प्रसूती झालेली असेल किंवा रक्तस्राव होत असेल, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. बाळ वर्षाच्या आतले असेल तर आईच्या दुधाच्या जागी गाई-म्हशीचे दूध मुख्य पेय म्हणून देऊ नये, वयाला योग्य पावडरचे दूध द्यावे.

ताप, थंडी, स्तनावर तापलेला लाल पट्टा किंवा दिवसभरात न ओसरणारी दुखरी गाठ असेल तर ते नुसते दाटणे राहिलेले नसते. स्तनदाह असू शकतो आणि दुर्लक्ष झाले तर पू धरतो. त्या दिवसांत पिणे एकदम तोडू नये, कारण त्याने त्रास वाढतो, आणि स्तनदाह झालेल्या आईचे दूध बाळाला बहुधा अपायकारक नसते. दूध पूर्ण आटल्यावरही काही आठवडे, कधी महिने, दाबल्यास थेंब येतात. ते सामान्य आहे. एका जागी टिकून राहिलेली गाठ मात्र दाखवून घ्यावी.