दाढेची भीती आणि बधिर करणारी सुई

आपल्या न्हावऱ्यात दाढ ठणकली की आधी लवंग, नाहीतर मिश्री, दवाखाना शेवटी. ही भीती आपल्या आज्यांकडून आली, आणि त्यांची भीती खोटी नव्हती. तेव्हा दात तसाच ओढून काढत.

१८८४ साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करून दाखवला. लगेच अमेरिकेत हॉल्स्टेड यांनी जबड्याची नस बधिर केली. पण कोकेनचे व्यसन लागे. खुद्द हॉल्स्टेडही त्यात अडकले. १९०५ च्या सुमारास नोव्होकेन आले, १९४३ मध्ये स्वीडनच्या लोफग्रेन यांनी लिग्नोकेन तयार केले. आज बहुतेक ठिकाणी हेच टोचतात. मुंबईत नायर दंत महाविद्यालय १९३३ सालीच निघाले, पण खेड्यापर्यंत दंतवैद्य यायला फार वर्षे गेली. भीती मात्र घराघरांत राहिली.

हे औषध नसेतून जाणारा दुखण्याचा निरोप अडवते. दाबल्यासारखे, ओढल्यासारखे जाणवते, दुखत नाही. दुखलेच तर हात वर करा, डॉक्टर थांबतील. पण पू झाला की औषध नीट लागू पडत नाही. म्हणून गाल सुजेपर्यंत थांबू नका. दिवस गेले असतील, हृदयाचा त्रास असेल, तर आधी सांगा. मिश्रीने ठणका दबतो, कीड आत चालूच राहते, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

आज्यांना ही सुई मिळाली नाही. आपल्याला मिळते, तर दुखणे अंगावर कशाला काढायचे?