वर्तुळ आपलंच होतं, घड्याळ नवीन आलं

अ‍ॅजाइल म्हटलं की आठवतो फेब्रुवारी २००१, अमेरिकेतल्या युटामधलं स्नोबर्ड, आणि तिथे जमून जाहीरनामा लिहिणारे १७ जण. सगळे सॉफ्टवेअरवाले. म्हणून डेटा टीममध्ये अ‍ॅजाइल आलं की लोक कुरकुरतात, "डेव्हलपर लोकांचं खूळ आमच्या गळ्यात कशाला?"

पण गंमत बघा, याचं एक मूळ आकडेवाल्यांकडेच सापडतं. १६ मे १९२४ ला वेस्टर्न इलेक्ट्रिकमधल्या वॉल्टर शूहार्ट यांनी साहेबांना जेमतेम पानभर मेमो पाठवला. त्यात कंट्रोल चार्ट होता. माल बिघडला तर कारण शोधत बसायचं, की नेहमीचा चढउतार म्हणून सोडून द्यायचं, हे आकड्यांवरून ठरवायची युक्ती. (हे शूहार्ट पुढे भारतातही येऊन गेले, बरं का.) १९३९ च्या पुस्तकात त्यांनी मांडलं की काय हवं ते ठरवणं, बनवणं आणि तपासणं हे सरळ रेषेत नसतं, वर्तुळात असतं. त्या पुस्तकाचे संपादक डेमिंग १९५० मध्ये जपानला व्याख्यानं द्यायला गेले. १९८६ मध्ये ताकेउची आणि नोनाका यांनी होंडा, कॅनन अशा कंपन्यांच्या टीमना रग्बीची उपमा दिली, आणि १९९३ मध्ये जेफ सदरलँड यांनी तिथूनच 'स्क्रम' हे नाव उचललं.

वर्तुळ परत आलं, पण येताना दोन आठवड्यांचं घड्याळ घेऊन आलं. खरी अडचण इथेच आहे. लॉगिन स्क्रीनला किती दिवस लागतील ते सांगता येतं. "ग्राहक सोडून का जातायत?" याला किती पॉइंट देणार? टेबलचा अ‍ॅक्सेस मिळेपर्यंतच अख्खा स्प्रिंट संपतो. आणि उत्तर 'काहीच संबंध सापडला नाही' असं आलं तर काम झालं का? माझ्या मते झालं. पण रिव्ह्यूत प्रश्न येतो, "दाखवायला काय आहे?" मग पोरं पुढच्या वेळी डॅशबोर्डच बनवतात. अवघड प्रश्न बॅकलॉगच्या तळाशी.

नव्वदच्या दशकातली क्रिस्प-डीएमची आकृती गूगल करून बघाच. सहा टप्पे, पण मूल्यमापनावरून एक बाण थेट पहिल्या टप्प्यावर, म्हणजे धंदा समजून घेण्यावर परत जातो. मागे जाणं म्हणजे तिथे नापास होणं नाही. मुदत मात्र त्या आकृतीत कुठेच नाही, ती स्क्रमकडून घ्यावी. कार्डावर प्रश्न लिहायचा आणि त्याला द्यायचे दिवस लिहायचे. तीन दिवस खोदू, शुक्रवारी हाती असेल ते दाखवू, आणि पुढे जायचं की सोडायचं हे ज्यांनी प्रश्न विचारला त्यांना समोर बसवूनच ठरवू.