पीडीएफमधलं मराठी कॉपी केलं की त्याचा काला का होतो?

एक छोटा प्रयोग करून बघा. १९९५ ते २००८ च्या दरम्यान छापलेल्या एखाद्या दिवाळी अंकाची किंवा स्मरणिकेची पीडीएफ शोधा. पानांचे फोटो काढून केलेली नको, छापखान्यातल्या मूळ फाइलीवरून केलेली हवी. त्यातली एक ओळ कॉपी करा आणि ईमेलमध्ये पेस्ट करा. बहुतेक वेळा तुम्हाला मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं, डोक्यावर टिंबं असलेले युरोपीय स्वर, कंस आणि डॉलर यांचा काला मिळेल.

आता दुसरा प्रयोग. शिकागो विद्यापीठाने मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश इंटरनेटवर ठेवलाय, १८५७ ची दुसरी आवृत्ती. त्यात कुठलाही मराठी शब्द टाका, क्षणात सापडतो. म्हणजे उठावाच्या वर्षी खिळे जुळवून छापलेलं पुस्तक आज शोधता येतं आणि कॉम्प्युटरवर तयार झालेला १९९७ चा अंक शोधता येत नाही. हे असं उलटं का झालं, हा माझ्या प्रबंधातल्या एका प्रकरणाचा विषय आहे.

सुरुवात थोडी मागून करावी लागेल. १८३१ मध्ये मुंबईत गणपत कृष्णाजींनी पंचांग छापलं, पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागरने देवनागरी खिळ्यांना देखणं वळण दिलं, हे आपण शाळेत कुठेतरी वाचलेलं असतं. माझ्या कामाचा मुद्दा मात्र खिळ्यांच्या सौंदर्याचा नाही, खिळा म्हणजे काय याचा आहे. खिळा म्हणजे आकार. जुळाऱ्याला ‘कि’ जुळवायचा असेल तर तो आधी वेलांटीचा खिळा उचलतो, मग ‘क’चा. आपण बोलताना आधी ‘क्’ म्हणतो आणि मग ‘इ’, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. कागदावर डावीकडे जे दिसतं ते आधी. जोडाक्षरांचे खिळे वेगळे, त्यामुळे इंग्रजीला जिथे शंभरएक खिळ्यांत भागतं तिथे देवनागरीच्या केसमध्ये शेकडो घरं लागायची. ही संख्या कमी करण्यासाठी टिळकांपासून अनेकांनी डोकं लावलं.

आता एकदम १९८० च्या दशकात या. देवनागरी कॉम्प्युटरवर आणायची तर दोन रस्ते होते. पहिला रस्ता आयआयटी कानपूरमधल्या कामातून निघाला आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सीडॅकने तो पुढे नेला. फाइलीत उच्चार साठवायचा, आधी ‘क’, मग वेलांटी. पडद्यावर दाखवताना वेलांटी डावीकडे न्यायची की नाही ते यंत्र ठरवेल. याच कल्पनेवर ‘इस्की’ ही प्रमाणसंहिता आली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली. युनिकोडनेही आपली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरून घेतली.

पण छापखाने त्या रस्त्याने गेले नाहीत. का? कारण त्यांना पेजमेकर आणि कोरलड्रॉ हवं होतं. जाहिराती, चौकटी, दोन स्तंभ, सगळं त्यातच व्हायचं. आणि या प्रोग्रॅमना उच्चारबिच्चार कळत नव्हता, त्यांना फक्त फॉन्ट कळायचा. तेव्हाच्या फॉन्टमध्ये एकूण घरं २५६, त्यातली वापरता येण्यासारखी दोनशेच्या आसपास. मग श्रीलिपी, आकृती वगैरे भारतीय फॉन्ट बनवणाऱ्यांनी काय केलं, तर इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवले. एका घरात काना, एका घरात अर्धा ‘त’, एका घरात रफार. कॉम्प्युटरच्या मते ती फाइल इंग्रजीच होती, कपडे फक्त मराठी होते.

इथे जरा थांबा, कारण माझं सगळं म्हणणं इथे आहे. दोनशे घरं, प्रत्येकात एक आकार, आणि डावीकडचा आकार आधी. म्हणजे खिळ्यांची केसच की! जुळारी गेला (अनेकांची नोकरी खरोखरच गेली, तो वेगळा आणि मोठा विषय आहे), डीटीपी ऑपरेटर आला, पण विचार करायची पद्धत तीच राहिली. डीटीपीला आपण ‘डिजिटल युगाची सुरुवात’ म्हणतो. मला ते खिळाछपाईचं शेवटचं प्रकरण वाटतं.

शिवाय प्रत्येक कंपनीची घरं वेगळी. एकाचा काना जिथे, तिथे दुसऱ्याचा अनुस्वार. नक्कल होऊ नये म्हणून सॉफ्टवेअरसोबत डोंगल यायचं. ते कॉम्प्युटरला लावल्याशिवाय प्रोग्रॅम चालायचा नाही. धंद्याच्या दृष्टीने त्यात गैर काही नव्हतं. पण याचा अर्थ असा की फॉन्ट गेला की मजकूर गेला.

विंडोज २००० सोबत मायक्रोसॉफ्टने युनिकोड देवनागरी आणली. त्यातला ‘मंगल’ हा फॉन्ट सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांचा. तिथून दोन जगं समांतर चालली. १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला, त्याच सुमारास लोक थेट युनिकोडमध्ये लिहू लागले. छापखान्यात मात्र पेजमेकरच, आणि पेजमेकरला युनिकोड शेवटपर्यंत आलं नाही. इनडिझाइनमध्ये देवनागरी नीट बसायला २०१० नंतरचं दशक उजाडलं. मधल्या काळात लेखक युनिकोडमध्ये लेख पाठवायचा, छापखाना तो जुन्या फॉन्टमध्ये बदलून घ्यायचा, आणि या बदलाबदलीत अक्षरं सांडायची.

कोणती सांडायची? नेमकी आपली. ‘आचार्याला बोलवा’ आणि ‘आचाऱ्याला बोलवा’ यात एक गुरुजी आहेत आणि एक स्वयंपाकी. हा फरक हिंदीला लागत नाही, त्यामुळे हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या साधनांत तो सहज निसटतो. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळायला २००८ उजाडलं. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ यांना तर वेगळी जागाच नाही, ते फॉन्टवर अवलंबून. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात वर्णमाला प्रमाणित केली तेव्हा ही वळणं नमूद करावी लागली, ती उगाच नाही.

मग जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणता येतात का? येतात. त्यासाठी परिवर्तक आहेत. पण त्यांना नुसती अक्षरं बदलून चालत नाही, क्रमही बदलावा लागतो. ‘सूर्य’मध्ये जुन्या फाइलीत आधी ‘य’ आणि मग रफार असतो, कारण रफार दिसतो ‘य’च्या डोक्यावर. युनिकोडमध्ये ‘र्’ आधी. म्हणून परिवर्तक रफार उचलून मागे नेतो, वेलांटी पुढे नेतो, आणि त्यात जोडाक्षर आलं की अडखळतो. मुळात तो विशिष्ट फॉन्टसाठीच बनवलेला असतो. एखाद्या गावातल्या छापखान्याने आपल्या सोयीने दोन-चार अक्षरं इकडची तिकडे केलेला फॉन्ट वापरला असेल, तर त्याचा परिवर्तक कोण बनवणार?

त्यामुळे सध्या मी जे करतोय ते ऐकायला विचित्र वाटेल. ज्या अंकांच्या फाइली उपलब्ध आहेत, त्यांचे छापील अंक मी स्कॅन करतो आणि कॉम्प्युटरकडून पुन्हा ‘वाचून’ घेतो. कॉम्प्युटरवर लिहिलेला मजकूर कागदावरून परत कॉम्प्युटरवर. जुन्या फाइलींपेक्षा कागद जास्त भरवशाचा निघाला. अर्थात छापील अंक सापडला तर. गावोगावच्या वाचनालयांच्या, संस्थांच्या शतकमहोत्सवी स्मरणिका मोजक्या छापलेल्या असतात आणि स्थानिक इतिहास बहुतेक वेळा तिथेच असतो.

तुमच्याकडे किंवा ओळखीच्या कुणाकडे त्या काळातल्या सीडी, फ्लॉपी पडून असतील तर कृपया टाकू नका. आणि फाइली कॉपी करून ठेवणार असाल तर त्या कॉम्प्युटरवरचं फॉन्टचं फोल्डरही सोबत घ्या. कित्येकदा मजकुराची फाइल मिळते आणि फॉन्ट मात्र जुन्या मशीनबरोबर भंगारात गेलेला असतो.