१९ फेब्रुवारी : तोशिबाची माघार

२००८ : एचडी डीव्हीडी बंद करत असल्याचे तोशिबाने टोकियोत जाहीर केले आणि ब्लू-रेला रान मोकळे झाले. दोन्ही तबकड्या १२ सेंटिमीटरच्या, दोन्हींना ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा लेझर. पण एका थरात ब्लू-रेवर २५ गिगाबाइट मावत, एचडी डीव्हीडीवर १५. तरी निकाल लागला तो हॉलिवूडच्या कौलाने. वॉर्नर ब्रदर्सने जानेवारीतच ब्लू-रेची बाजू घेतली होती. शिवाय सोनीने प्लेस्टेशन ३ मध्येच ब्लू-रे बसवून तो गुपचूप घरोघरी पोहोचवला, ही खेळी मोठी धूर्त. सोनीच्या जुन्या बीटामॅक्स व्हिडिओ कॅसेटच्या पराभवाचा वचपा निघाला खरा. पण नेटफ्लिक्सने आदल्या वर्षीच इंटरनेटवरून थेट चित्रपट दाखवायला सुरुवात केली होती.