सोड्याची बाटली आणि हरवलेलं माप

परवा धाकट्या भावाबरोबर संगमनेरला गेले होते. आठवड्यातून दोनदा त्याचं डायलिसिस असतं, एरवी त्याचा मुलगा नेतो, त्या दिवशी माझी पाळी होती. भावाला डॉक्टरांनी दिवसाचं पाणी ठरवून दिलं आहे. भावजय सकाळीच ते एका बाटलीत मोजून भरून ठेवते. चहा, आमटी, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळं त्या हिशेबातच बसवायचं. परत येताना अकोल्याच्या स्टँडवर उतरलो. समोरच्या दुकानात थंड पेयांचं काचेचं कपाट होतं, आत रंगीबेरंगी बाटल्यांच्या रांगा. त्याकडे बघत तो म्हणाला, "आक्का, आपण अगस्तीच्या यात्रेत गोटीचा सोडा प्यायचो, आठवतं का?"

न आठवायला काय झालं! तो सोडा त्याला पहिल्यांदा मीच पाजला होता.

नोकरीभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे एखादी वस्तू दिसली की ती आली कुठून, हा प्रश्न डोक्यात येतोच. घरी आल्यावर दोन-चार दिवस तोच किडा वळवळत होता. म्हणून आज हे सोड्याचं पुराण सांगायला बसले आहे.

आमच्या लहानपणी महाशिवरात्रीला अगस्ती ऋषींच्या मंदिरापाशी प्रवराकाठी यात्रा भरायची, अजूनही भरते. तिथे सोड्याची गाडी असायची. जाड हिरवट काचेच्या बाटल्या, गळ्याला खाच, आत काचेची गोटी. गाडीवाला लाकडी टोपी ठेवून तळहाताने दणका द्यायचा, फट्ट असा आवाज व्हायचा आणि फेस वर यायचा. भाऊ तेव्हा पाच-सहा वर्षांचा असेल. भेळ, शेव, गुडीशेव खाऊन त्याचं पोट दुखायला लागलं. आईने माझ्या हातावर पैसे ठेवले, "जा, त्याला सोडा पाज, ढेकर आला की बरं वाटेल." ढेकर आला, आणि बरंही वाटलं. आमच्याकडे सोडा हे असं औषध होतं. अजीर्ण झालं, लग्नाचं जेवण जड गेलं, की सोडा.

गंमत अशी, की सोड्याचा जन्मच मुळी औषध म्हणून झाला. १७६७ साली इंग्लंडमधल्या लीड्स गावात जोसेफ प्रीस्टले नावाचे धर्मगुरू मद्याच्या कारखान्याशेजारी राहत होते. मद्य आंबवण्याच्या पिंपांवर जी हवा साठते ती त्यांनी पाण्यात मुरवली, तर पाण्याला चुरचुरीत चव आली. ती हवा म्हणजे आपला कार्बन डायऑक्साइड. १७७२ मध्ये त्यांनी ही कृती पुस्तिका काढून छापली. त्यांना वाटलं, दूरच्या प्रवासात खलाशांना होणारा स्कर्व्ही हा रोग या पाण्याने बरा होईल. पण स्कर्व्ही होतो क जीवनसत्त्वाच्या अभावाने, आणि गॅसमध्ये कुठलं आलंय जीवनसत्त्व! खरा उपाय जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरांनी त्याआधीच, १७४७ मध्ये, खलाशांना संत्री-लिंबं देऊन दाखवला होता. म्हणजे आपण लिंबू-सोडा पितो, त्यातलं गुणकारी काय असेल तर ते लिंबू. पण नाव झालं सोड्याचं.

'सोडा' हे नावही औषधाच्याच घरातलं. सुरुवातीचे कारखानदार त्या पाण्यात सोडियमचे क्षार, म्हणजे आपला खाण्याचा सोडा, मिसळत. पुढे १७८३ मध्ये श्वेप नावाच्या गृहस्थांनी जिनीव्हात त्याचा धंदाच सुरू केला. गोटीची बाटली मात्र इंग्रज हायरम कॉड यांची, १८७२ मधली. बाटली उलटी धरून भरायची, आतल्या दाबाने गोटी गळ्यातल्या रबरी कड्याला घट्ट बसते, बूच नको की झाकण नको.

इंग्रजांबरोबर सोडा इकडे आला आणि आपल्या पारशी-इराणी बांधवांनी तो आपलासा केला. मुंबईत १८६५ मध्ये पालनजी, पुण्याच्या कॅम्पात १८८४ मध्ये अर्देशीर, पुन्हा मुंबईत १८८९ मध्ये ड्यूक्स. रासबेरी, जिंजर, लेमन हे शब्द मराठी माणसाच्या तोंडात बसले ते यांच्यामुळे. आणि सोडा भाषेतसुद्धा शिरला. जाड भिंगाच्या चष्म्याला आपण 'सोडावॉटरच्या बाटलीचा चष्मा' म्हणतो, दंगलीच्या बातम्यांत 'सोडावॉटरच्या बाटल्यांचा वर्षाव' असायचा.

अमेरिकेतही तीच कथा. १८८६ मध्ये अटलांटात कोका-कोला तयार केलं ते जॉन पेंबर्टन या औषधविक्याने, आणि विकलं ते औषधाच्या दुकानातून, शक्तिवर्धक म्हणून. पेप्सीचे जनक कॅलेब ब्रॅडहॅम हेही औषधविक्रेतेच. १८९८ मध्ये त्यांनी आपल्या पेयाला दिलेल्या नावात अपचनाचा इंग्रजी शब्द डोकावतो.

आता या सगळ्यात मला सर्वात महत्त्वाची वाटते ती बाटली. गोटीची बाटली घरी नेता येत नसे. गाडीपाशी उभं राहून प्यायचं, बाटली परत करायची. गाडीवाला हात पुढे करूनच उभा! एक बाटली म्हणजे पाव लिटरहून कमीच. कोका-कोलाची नेहमीची बाटलीसुद्धा १९५५ पर्यंत साधारण १९० मिलिलिटरचीच होती. यात्रा वर्षातून एकदा, लग्नं उन्हाळ्यात, त्यामुळे माप आपोआप राखलं जायचं. कुणी संयमी होतं म्हणून नव्हे, बाटलीच तशी होती म्हणून.

मग हे माप गेलं कुठे?

१९७७ मध्ये जनता सरकारच्या काळात कोका-कोला देश सोडून गेली. परकीय कंपन्यांनी भांडवलातला वाटा कमी करावा असा कायदा होता, आणि जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते. सरकारने स्वतःच 'सत्त्याहत्तर' नावाचं पेय काढलं, ते फार चाललं नाही. मुंबईच्या पार्लेचं थम्स अप मात्र त्याच वर्षी आलं आणि चाललं. लिम्का, गोल्ड स्पॉट होतेच. तोवर सगळा कारभार काचेच्या बाटलीचा, क्रेटमधून येणारा आणि क्रेटमधून परत जाणारा. १९९० च्या सुमारास पेप्सी आली, १९९३ मध्ये कोका-कोला परतली आणि पार्लेची पेयं तिने विकत घेतली. मग प्लास्टिकच्या बाटल्या आल्या. या प्लास्टिकच्या बाटलीचं पेटंट १९७३ मध्ये नॅथॅनियल वायेथ या अमेरिकन अभियंत्याने घेतलं होतं. हलकी, फुटत नाही, परत द्यायची नाही, झाकण फिरवून पुन्हा बंद होते. म्हणजे ती घरच्या फ्रीजमध्ये उभी राहू शकते! सोडा यात्रेतून उठून आपल्या स्वयंपाकघरात आला तो असा. आधी एक लिटर, मग दोन लिटर.

खेड्यांसाठी वेगळी युक्ती होती. २००३ मध्ये २०० मिलिलिटरची बाटली पाच रुपयांना मिळू लागली. मला तो उन्हाळा चांगला आठवतो. आमच्या भागात ज्या वाड्यांवर एसटी दिवसातून एकदा जायची, तिथल्या टपरीवरही त्या बाटल्या दिसू लागल्या.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने या पेयांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचं जाहीर केलं. मोठा गदारोळ झाला. शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती बसली, २००४ मध्ये तिचा अहवाल आला. चौकशी व्हायलाच हवी होती. पण आज मागे वळून पाहताना वाटतं, सगळा देश बाटलीत कीटकनाशक किती हे विचारत होता, साखर किती हे फारसं कुणी विचारलं नाही. ती तर बाटलीतच होती, काही लपलेली नव्हती.

माझ्या भावाचं तेव्हा बाजारपेठेत दुकान होतं. दारू नाही, तंबाखू नाही, चहाही बेताचा. दुपारी उन्हात एक थंड बाटली, गिऱ्हाइकाबरोबर एक, रात्री जेवणावर एक, "गॅस होतो ना आक्का, ढेकर आला की बरं वाटतं." कीटकनाशकांची बातमी आली तेव्हा आठ दिवस बंद केलं, मग पुन्हा सुरू. आम्ही काय म्हणायचो? "बाकी कसलं व्यसन नाही हो त्याला!" हे वाक्य मी स्वतः किती जणांना अभिमानाने सांगितलंय.

आता थोडं गणित. गोड शीतपेयात दर १०० मिलिलिटरला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. म्हणजे ३०० मिलिलिटरच्या बाटलीत तीस ग्रॅमच्या वर, चहाचे सात-आठ सपाट चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं, की अशी वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम. माझा भाऊ त्याच्या तिपटीहून जास्त नुसती पीत होता, खाण्यातली वेगळीच. चहात आठ चमचे साखर घातली तर आपण तो कप थुंकून टाकू, पण थंडावा आणि आंबटपणा यांमुळे तो गोडवा जिभेला कळत नाही. आणि प्यायलेल्या साखरेने पोट भरल्यासारखं वाटत नाही, म्हणून जेवण काही कमी होत नाही. जादा साखरेची यकृतात चरबी होते.

अमेरिकेत नव्वद हजारांवर परिचारिकांच्या पाहणीतून २००४ मध्ये दिसलं, की रोज एक किंवा अधिक गोड शीतपेयं पिणाऱ्या स्त्रियांना, महिन्यातून एकही न पिणाऱ्यांपेक्षा, मधुमेहाचा धोका ८३ टक्क्यांनी जास्त होता. दातांचं तर उघडच आहे. या काळ्या पेयांची आम्लता इतकी, की दातांवरचं कवच विरघळतं. आणि ढेकर? तो तर बाटलीतल्याच गॅसचा! जठर फुगतं, ढेकर येतो, मोकळं वाटतं, पण त्याबरोबर आम्लही वर येतं. मग जळजळ, आणि जळजळीवर पुन्हा सोडा...

"पण तो तर काटकुळा होता, त्याला कसा मधुमेह?" असं आमच्या घरात सगळे म्हणाले. याचं उत्तर पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी देऊन ठेवलं आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं अगदी सारखं, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! भारतीय माणूस दिसायला बारीक असला तरी आतून चरबी बाळगून असतो, तो जन्मापासूनच, असं त्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांच्या अभ्यासातून दाखवलं. आपल्या देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत, असं २०२३ च्या राष्ट्रीय पाहणीत आलं. तेव्हा बारीक आहे म्हणून चालतं, हे आपण सोडून द्यायला हवं.

भावाच्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की एकट्या बाटलीवर सगळा दोष टाकता येणार नाही. आमच्या वडिलांनाही साखर होती, आणि निदान झाल्यावर ह्याने औषधं वेळेवर घेतली नाहीत. ते खरं आहे. साखरेलाही मी विष म्हणणार नाही. आशियातला पहिला म्हणून गौरवला जाणारा सहकारी साखर कारखाना आमच्याच जिल्ह्यात प्रवरानगरला उभा राहिला, अकोल्यात अगस्ती कारखाना आहे. उसावर इथल्या किती घरांतली मुलं शिकली, ती माझ्या वर्गात बसली. साधा बिनसाखरेचा सोडा कधीतरी प्यायला तर कुणाचं काही बिघडत नाही. प्रश्न मापाचा आहे. पूर्वी ते बाटली ठरवायची, आता आपल्यालाच ठरवावं लागणार.

सरकारने काही केलं आहे. २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत असे पदार्थ विकता येत नाहीत. जीएसटीही ४० टक्के आहे. पण घरच्या फ्रीजला कुठला आलाय ५० मीटरचा नियम?

दिवाळीत पुण्याहून नातू आला तेव्हा मी त्याच्याकडून बाटलीवरचे बारीक आकडे वाचून घेतले आणि दोन लिटरची साखर ताटात काढायला लावली. दोनशे ग्रॅमच्या वर ढीग झाला. तो बराच वेळ बघत राहिला. "आजी, हे सगळं यात?" मी काही बोलले नाही. नंतर त्याने अर्धा ग्लास घेतला, पण अर्धाच. माठातल्या पाण्याची सवय लगेच लागेल असं मी म्हणत नाही. आमच्याकडे ताक, कोकम, लिंबाचं सरबत असतं, त्यातही साखर मीच मोजून घालते.

त्या दिवशी स्टँडवर भावाने आपली मोजलेली बाटली काढली, उजेडात धरून किती उरलंय ते पाहिलं आणि एक घोट घेतला. मग झाकण लावताना म्हणाला, "आक्का, संध्याकाळच्या गोळ्यांपुरतं ठेवायला हवं."

तुमच्या घरात रोज किती येतं, कधी मोजलंय का? मोजलंत तर मला जरूर कळवा.