सौताड्याचं पाणी

बीड जिल्ह्यात धबधबा आहे म्हटलं की पाहुणे हसतात. दुष्काळाच्या मुलखात कसला आलाय धबधबा? पण पाटोदा तालुक्यात सौताड्याला बालाघाटाचं पठार एकाएकी तुटतं आणि विंचरणा नदी खोल दरीत उडी घेते. वरच्या रानातून चालताना पुढं दरी असंल अशी शंकासुद्धा येत नाही. पायऱ्यांनी खाली उतरलं की रामेश्वराचं देऊळ लागतं.

हे पाणी पुढं जामखेडला जातं. माझा आजाही तिथल्या बाजाराला जायचा. तेव्हा सौताडा निजामाच्या राज्यात, तर जामखेड नगर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजांकडं. अलीकडं हाली रुपया, पलीकडं कलदार. माल न्यायचा तर नाक्यावर करोडगिरी भरायची. "पाण्याला कुणी पावती मागत न्हाई," असं आजा म्हणायचा. रझाकारांच्या काळात मराठवाड्यातली कितीतरी माणसं जीव मुठीत धरून सरहद्दीपार नगर, सोलापूरकडं गेली.

१७ सप्टेंबर १९४८ला निजामाची राजवट संपली. पुढं नाके गेले, हाली रुपयाही गेला. माणसांचं जाणं मात्र थांबलं नाही. दिवाळीच्या आसपास धबधब्याची धार बारीक होते, त्याच सुमाराला आमच्याकडची बिऱ्हाडं ऊसतोडीला पश्चिमेकडं निघतात. पाणी गेलं, मागोमाग माणसंही गेली.

धबधबा बघायचा तर श्रावणात या. तेव्हा दरीत पाणी असतं आणि गावात माणसं.