लिन्सखोतेनच्या ग्रंथातील धर्मविधिचित्रे

सोळाव्या शतकातील गोवा व त्यालगतच्या प्रदेशातील हिंदूंचे धर्माचार दाखविणारी ताम्रपटमुद्रित चित्रे. यान हॉयखेन व्हान लिन्सखोतेन या डच प्रवाशाच्या ईटिनरारिओ (ॲम्स्टरडॅम, १५९६) या ग्रंथात ती आढळतात. व्हान डूतेखुम घराण्यातील योहानेस व बाप्टिस्टा यांनी ती कोरली. तांब्याच्या पत्र्यावर अम्लरोधक लेप देऊन त्यावर सुईने रेखाटन करावयाचे व उघड्या पडलेल्या रेषा अम्लाने खोदून घ्यावयाच्या, हे अम्लरेखनाचे तंत्र होय. या घराण्याची अम्लरेखने कोरणीने केलेल्या कामासारखी रेखीव दिसत.

लिन्सखोतेन १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात होता. तेथील आर्चबिशप व्हिसेंती द फोन्सेका याचा तो चिटणीस. हिंदूंना आपला धर्म पाळण्यास मुभा असली, तरी शवदहन व विवाहविधी बेटावर उघडपणे करण्यास आर्चबिशपची मनाई आहे, मुख्य भूमीवर किंवा घरात गुप्तपणे मात्र ते करता येतात, असे त्याने स्वतःच नमूद केले आहे. सतीची चाल तर गोवा जिंकल्यावर (१५१०) आल्बुकर्कनेच बंद केली होती. अर्थात धर्मसत्तेने डोळ्यांआड केलेले विधीच तिच्या चिटणिसाच्या ग्रंथामुळे यूरोपभर पोहोचले. चित्रांखालील मजकूर लॅटिन व डच भाषांत आहे.

गोव्यात राहणाऱ्या बालाघाटी, म्हणजे घाटमाथ्यावरील, लोकांच्या लग्नाचे चित्र मराठी वाचकास विशेष जवळचे वाटेल. सहगमनाच्या चित्रात ब्राह्मणाची विधवा अग्नीत उडी घेताना दिसते. येथे चित्रापेक्षा मजकूरच अधिक अविश्वसनीय आहे. बायकांनी नवऱ्यास विष घालू नये म्हणून ही चाल पडली, ही ग्रीक लेखकांपासून चालत आलेली दंतकथा लिन्सखोतेन निःशंकपणे सांगतो.

मूर्तीच्या बाबतीत मात्र चित्रानेही दगा दिला आहे. शिंगे, लांब सुळे, पोटावर दुसरे तोंड व मस्तकी पोपच्या मुकुटासारखा तिहेरी मुकुट असलेली ही आकृती कोणत्याही हिंदू देवतेची नव्हे. कालिकतच्या देवतेचे व्हार्थेमाने केलेले सैतानी वर्णन आणि त्यावरून १५१५ मध्ये जर्मनीत निघालेले काष्ठठसाचित्र यांचा प्रभाव तीवर स्पष्ट दिसतो. कोरणाऱ्यांनी हिंदुस्थान पाहिला नव्हता. मिरवणूक वा चिता त्यांना रेखाटनावरून समजू शकली, देवता समजली नाही. फ्रँकफुर्टच्या डी ब्राय बंधूंनी शतक संपण्यापूर्वीच हा ग्रंथ आपल्या प्रवासमालेत घेतला व त्याची चित्रे नव्याने कोरली.